जुन्या चित्रकथांचे संग्राहक व त्यांची शोधवार्ता

जुन्या दप्तरांत व पोथ्यांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस या पानांत ‘कॉमिक’ हा शब्द पाहून थोडें आश्चर्य वाटेल. मुलांकरितां छापलेलीं, हलक्या कागदाचीं, वाचून झालीं कीं रद्दींत जाणारीं हीं रंगीत पुस्तकें संशोधकाच्या विचारास योग्य कशीं, असा प्रश्न कोणी केल्यास तो अगदींच अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. तथापि त्याचें उत्तर आमच्या क्षेत्रांत पूर्वींच देऊन झालेलें आहे. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्या काळीं जुनीं पत्रें, हिशेबाचे ताव व याद्या यांस घरोघर अडगळ म्हणूनच लेखीत असत. अडगळ व साधन यांतील भेद वस्तूच्या ठायीं नसून पाहणाराच्या दृष्टींत असतो, हें त्या पिढीनें आम्हांस शिकविलें. तेव्हां चित्रकथेचें साधनत्व सिद्ध करण्यांत आम्ही शब्द वेंचीत नाहीं. जे लोक हीं पुस्तकें जमवितात व नवीन सांपडलेल्या प्रतींची वार्ता परस्परांस मोठ्या आनंदानें कळवितात, त्यांची ती वार्ता इतिहासाच्या कामीं कितपत येते, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

या पुस्तकांचा जन्म अमेरिकेंत झाला. वर्तमानपत्रांतील चित्रमालिका एकत्र करून १९३३ सालीं ‘फनीज ऑन परेड’ व १९३४ सालीं ‘फेमस फनीज’ हीं निघालीं. पुढें जून १९३८ ही तारीख घातलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकांत जेरी सीगल व जो शुस्टर यांचा सुपरमॅन प्रथम अवतरला. अंकाची किंमत दहा सेंट. आणि त्या कथेचे हक्क कर्त्यांनीं विकले ते १३० डॉलरांस. त्याच अंकाची एक प्रत २०२४ सालीं लिलांवांत साठ लक्ष डॉलरांस गेली. या दोन आंकड्यांमधील अंतर समजण्यास हीं पुस्तकें नष्ट कशीं झालीं तें समजलें पाहिजे. ‘ॲक्शन’च्या त्या अंकाच्या सुमारें दोन लक्ष प्रती छापल्या गेल्या असें सांगतात, पैकीं आज शंभराच्या आसपास उरल्या असाव्या असा जाणत्यांचा अंदाज आहे. कागद मुळांतच आम्लयुक्त, वाचणारे हात मुलांचे. त्यांत दुसऱ्या महायुद्धांत रद्दी कागद जमविण्याच्या मोहिमा निघाल्या, आणि १९४८ च्या सुमारास कांहीं गांवीं शाळकरी मुलांच्याच हातून या पुस्तकांच्या होळ्या करविण्यांत आल्या. जें सर्वांच्या घरीं होतें तें म्हणूनच कोणाच्याही घरीं राहिलें नाहीं. आमच्याकडील रोजकीर्दींची गतही हीच झाली.

संग्राहकांचे गुण प्रथम सांगणें न्याय्य होईल. या विषयांतील प्राथमिक सूचि, कालनिर्णय व कर्तृनिर्णय हें काम बव्हंशीं हौशी मंडळींनीं केलें. विद्यापीठें मागाहून आलीं. डेट्रॉइट येथील प्राध्यापक जेरी बेल्स यांनीं १९६१ सालीं ‘आल्टर ईगो’ हें घरगुती यंत्रावर प्रती काढलेलें नियतकालिक सुरू केलें, आणि दूरदूरचे संग्राहक आपल्याजवळ काय आहे तें परस्परांस कळवूं लागले. कार्ल बार्क्स यांचें उदाहरण तर आमच्या वाचकांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. डोनाल्ड बदकाच्या कथांवर वॉल्ट डिस्ने यांचेंच काय तें नांव छापलेलें असे. चित्रकाराचा उल्लेख कोठेंही नसे. तरीही बालवाचकांनीं एका विशिष्ट हाताचीं चित्रें इतरांहून वेगळीं काढलीं, त्या अनाम माणसास ‘चांगला बदक-चित्रकार’ असें नांव ठेवलें, आणि १९६० च्या सुमारास पत्रव्यवहार करून अखेर त्याचा ठावठिकाणा लाविला. अक्षराच्या वळणावरून मोडी कागदाचा लेखक ओळखणारास या कृतीची योग्यता निराळी सांगावयास नको.

फ्रेडरिक वर्थम या मनोवैद्यानें १९५४ सालीं चित्रकथांवर एक घणाघाती पुस्तक लिहिलें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीनें या विषयाची चौकशी केली, आणि प्रकाशकांनीं स्वतःवर नियमावली लादून घेतली. वर्थम यांनीं पुराव्यादाखल जीं चित्रें छापलीं व जे प्रसंग सांगितले, त्यांतील कित्येकांचा मूळ अंक कोणता, हें संग्राहकांनीं अंकामागून अंक ताडून शोधून काढलें. पुढें वर्थम यांचीं टिपणें अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत खुलीं झाल्यावर कॅरोल टिली यांनीं तीं तपासलीं व मुलांच्या मुलाखतींत फेरफार केलेले आहेत, वयें बदललेलीं आहेत, अनेकांचें बोलणें एकाच्या तोंडीं घातलेलें आहे, असें २०१२ सालीं दाखवून दिलें. संग्राहकांनीं मूळ अंक लाविले, संशोधिकेनें मूळ टिपणें वाचलीं. पुराव्याच्या या दोन्ही बाजू जतन झाल्या म्हणूनच अर्धशतकापूर्वींच्या एका निवाड्याची फेरतपासणी शक्य झाली.

इतका गुणगौरव केल्यावर आतां दोषांकडे वळूं. अलीकडील शोधवार्तेचा सर्वसाधारण सांचा असा असतो : पुस्तकाचें नांव, क्रमांक, प्रत किती स्वच्छ आहे याचा आंकडा, दिलेली किंवा आलेली किंमत, आणि अशी प्रत दुसऱ्या कोणाजवळ नाहीं असा उद्गार. प्रत कोठून आली, तिच्यासोबत दुसरें काय होतें, पानें मोजलीं कीं काय, आंत कोणाचें कांहीं लिहिलेलें आहे काय, यांचा त्यांत शोध लागत नाहीं. अशा वार्तेनें संग्राहकाचें भाग्य कळतें. इतिहासाची माहिती मिळत नाहीं. एखाद्यानें ज्ञानेश्वरीची जुनी प्रत सांपडल्याचें कळवावें आणि तिचा लेखनशक, लेखकाचें नांव व समाप्तीचा लेख न देतां केवळ पुठ्ठा उत्तम आहे एवढेंच लिहावें, तशांतला हा प्रकार आहे.

स्वच्छतेच्या या अतिरिक्त मोहास दोन गोष्टी कारण झाल्या. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची किंमतींची मार्गदर्शिका १९७० सालीं निघाली, तेव्हांपासून प्रतीची स्थिति व तिचें मोल यांची सांगड पक्की झाली. पुढें २००० सालीं सीजीसी या संस्थेनें प्रती तपासून, त्यांस दहापैकीं गुण देऊन, कठीण पारदर्शक वेष्टणांत त्या कायमच्या बंद करण्यास आरंभ केला. वेष्टण उघडलें कीं गुण रद्द. या पद्धतीचा बचाव आम्हांस ठाऊक आहे व तो पोकळही नाहीं. दूरच्या गिऱ्हाइकास प्रत न पाहतां विश्वासानें घेतां येते. रंग भरलेली, कडा कातरलेली किंवा दुसऱ्या प्रतीचीं पानें घातलेली प्रत अस्सल म्हणून खपविणारास आळा बसतो. आणि मोल आलें म्हणूनच पुष्कळ प्रती रद्दीवाल्याच्या तराजूंतून सुटल्या. हें सर्व मान्य करूनही आमचें म्हणणें उरतेंच. जी प्रत उघडतां येत नाहीं ती वाचतां येत नाहीं, आणि जी वाचतां येत नाहीं तिच्याविषयीं तपासणारानें वेष्टणावर जेवढें छापलें तेवढेंच पुढील पिढीस कळणार. पोथी बासनांत बांधून ठेवावी हें खरें; परंतु बासनाची गांठ सुटते.

या पद्धतींत पुस्तकावरील लेखन हा सामान्यतः दोष समजतात. शाईनें लिहिलेल्या मुलाच्या नांवानें गुण कमी होतात. दुकानदारानें मुखपृष्ठावर टिपलेली तारीख कांहीं अंशीं चालवून घेतात. वास्तविक ती तारीख फार मोलाची असते. अमेरिकन अंकांवर छापलेला महिना हा विक्रीचा महिना नव्हे. अंक शिळा न दिसावा म्हणून तो पुढचा घालीत. जूनचा म्हणविणारा ‘ॲक्शन’चा पहिला अंक एप्रिलमध्येंच दुकानीं आला होता. शक व सन यांच्या मेळांत एका वर्षाची चूक झाली तर आपण केवढा वाद करतों! मग येथें दोन महिन्यांचें अंतर सांगणारी, दुकानदाराच्या हातची पेन्सिलीची खूण हा डाग कसा? तो तर आगमनाचा शेरा आहे.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण ‘मार्व्हल कॉमिक्स’ अंक पहिला, ऑक्टोबर १९३९, याच्या एका प्रतीचें आहे. या अंकांतील मजकूर लॉइड जॅके यांच्या संस्थेनें तयार करून दिला होता. त्यांच्या हातच्या प्रतीवर कोणास किती मोबदला दिला याचे पेन्सिलीचे आंकडे आहेत. मुखपृष्ठाचे चित्रकार फ्रँक आर. पॉल यांस पंचवीस डॉलर मिळाल्याचें त्यावरून कळतें. ही प्रत २०२२ सालीं चोवीस लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस विकली गेली. ज्या लेखनास एरव्हीं मळ म्हणावयाचें, तेंच येथें त्या धंद्याच्या हिशेबाचें अव्वल साधन ठरलें. लिहिणारा नांवाजलेला होता म्हणून त्याच्या पेन्सिलीस मान मिळाला. अनाम वाचकाच्या पेन्सिलीस तो कां मिळूं नये, याचें उत्तर संग्राहकांनीं दिलें पाहिजे.

सांपडल्या जागेचें महत्त्वही असेंच आहे. ‘मोशन पिक्चर फनीज वीकली’ या १९३९ सालच्या पुस्तकाच्या थोड्याशा प्रती १९७४ सालीं एका दिवंगत प्रकाशकाच्या चीजवस्तूंत निघाल्या, तोंवर तें पुस्तक छापलें गेल्याचेंही जगास माहीत नव्हतें. बिल एव्हरेट यांचा ‘सब-मरीनर’ ‘मार्व्हल’च्या पहिल्या अंकापूर्वीं येथें छापला गेला होता, असें त्यामुळें सिद्ध झालें. पण छापला गेला म्हणजे वाचकांच्या हातीं पडला काय? प्रती प्रकाशकाच्या संग्रहांत निघाल्या, वाचकांच्या घरीं नव्हे. हीच गोष्ट त्या नमुन्यादाखल काढलेल्या होत्या या मताच्या बाजूनें आमच्या मतें सर्वांत वजनदार आहे. शोध लावणारानें स्थळ लपविलें असतें, तर हा विचारच खुंटला असता. उलटपक्षीं, डेन्व्हर येथील एडगर चर्च या जाहिरात-चित्रकाराचा हजारों अंकांचा संग्रह १९७७ सालीं चक रोझान्स्की यांनीं विकत घेतला. तो पुढें पांगला, तरी त्यांतील प्रती आजही चर्च यांच्या नांवानें ओळखल्या जातात. संग्रह मोडला तरी वंशावळ राहिली. हा संग्राहकांचाच पाडलेला उत्तम पायंडा आहे. तो केवळ श्रीमंत प्रतींपुरता कां राहावा?

प्रत मोजून-मापून पाहण्याची संवय नसल्यास काय होतें तेंही एका उदाहरणावरून दिसतें. ‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाचें पुनर्मुद्रण १९७४ सालीं त्याच्याच प्रकाशकानें काढलें. त्यास बाहेरून निराळें वेष्टण-पृष्ठ होतें व आंत मूळ मुखपृष्ठासह सर्व अंक जसाच्या तसा होता. बाहेरचें पृष्ठ काढून टाकून आंतील भाग अस्सल म्हणून विकणारे निघाले व फसणारेही निघाले. पुनर्मुद्रण आकारानें मूळ अंकाहून बरेंच मोठें आहे. तेव्हां ज्याच्या हातीं फूटपट्टी होती तो फसला नाहीं.

आतां आपल्याकडे येऊं. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीनें मार्च १९६४ मध्यें ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केली व ती १९९० पर्यंत चालली. ली फॉक यांनीं १९३६ सालीं निर्माण केलेला फँटम मराठी मुलांस भेटला तो वेताळ या नांवानें. मूळ मालिकेंत वेताळाच्या देशाचें जें बंगालशीं मिळतें नांव होतें, तें येथें ‘डेंकाली’ असें बदललें. भाषांतरकारानें व संपादकानें काय राखलें, काय बदललें, हें ठरविण्यास मूळ मालिका, इंग्रजी अंक व मराठी अंक समोरासमोर ठेवून पाठभेद घेतले पाहिजेत. संग्राहकांच्या घरीं हीं तिन्ही असूं शकतात. त्यांनीं ठरविल्यास हें काम उद्यां होईल. मात्र त्यास गुणांकाचा कांहीं उपयोग नाहीं.

‘अमर चित्र कथा’ या १९६७ सालीं निघालेल्या, अनंत पै यांनीं संपादिलेल्या मालेंत ‘कृष्ण’ या पुस्तकाचा क्रमांक अकरा आहे. कारण पहिले दहा क्रमांक सिंड्रेलासारख्या परदेशी बालकथांच्या देशी भाषांतील पुस्तकांनीं व्यापिलेले आहेत. पुढील पुनर्मुद्रणांत क्रमांकही नवे पडले. म्हणून केवळ क्रमांक पाहून आवृत्ति ठरविणारा येथें हमखास चुकेल. छापील किंमत, पत्ता व मागील पृष्ठावरील पुस्तकांची यादी ताडून पाहणारा चुकणार नाहीं. जाहिरातींचें पान फाटलें तरी ‘कथा पूर्ण आहे’ असें समाधान मानणारांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, कालनिर्णयाचा आधार बहुधा त्याच पानांत असतो.

सुटीं चित्रें विकत घेण्याची हौस आपल्यास नवीन नाहीं. पिंगुळीच्या चित्रकथ्यांजवळ एकेका आख्यानाचीं चित्रें क्रमवार लावून केलेल्या पोथ्या असत. चित्र दाखवीत व कथा गात त्यांचा खेळ चाले. त्यांतील चित्रें सुटीं होऊन भिंतीवर लागलीं कीं सुंदर दिसतात. पण अमुक चित्रामागून कोणतें येई हें मग चित्रकथ्याच्या स्मृतीवांचून कोणास सांगतां येत नाहीं. क्रम हाही मजकुराचाच भाग आहे.

हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस निर्दोषपणामुळें आलेला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका रद्दीच्या दुकानीं मराठी ‘इंद्रजाल’चे चाळीसेक अंक सुतळीनें बांधलेले आम्हांस मिळाले. आनंदाच्या भरांत आम्हीं सुतळी तोडली, वरचा कागद फेंकून दिला, अंक क्रमवार लाविले, आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावरील पेन्सिलीचे बारीक आंकडे खोडरबरानें साफ केले. शेवटच्या अंकाच्या आंतील कोऱ्या जागेंत मात्र मुलाच्या हातची एक यादी निघाली : घरांचीं नांवें, त्यांपुढें आंकडे, आणि ‘दिलें’ व ‘परत’ असे दोन रकाने. कोणा मुलानें आपल्या शेजारपाजारीं हे अंक वाचावयास देण्याचें लहानसें ग्रंथालय चालविलें होतें, आणि आम्हीं खोडलें तें त्याचें खातें होतें. कोणता अंक किती घरीं फिरला, कोणता परत आला नाहीं, एका गल्लींत वेताळ किती जणांनीं वाचला, हें सांगणारा तो कागद होता. आज आमच्याजवळ चाळीस स्वच्छ अंक आहेत व एक किल्ली आहे. कुलूप आम्हींच पुसून टाकलें. अंक बाजारांत पुनः मिळतील. तें खातें मिळणार नाहीं.

म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंति अशी आहे कीं, नवीन प्रत हातीं आली म्हणजे पुसण्यापूर्वीं, कातरण्यापूर्वीं व वेष्टणांत घालण्यापूर्वीं तिचें वर्णन लिहावें. नांव, क्रमांक, भाषा, छापील तारीख व किंमत, आकार मोजून, पानें मुखपृष्ठासह व जाहिरातींसह मोजून, टांचण्या जुन्या कीं नव्या, सर्व हस्तलेख, शिक्के व खुणा जशाच्या तशा उतरून, कोठून मिळाली व तिच्यासोबत काय होतें, आणि स्वतः काय दुरुस्ती केली. विकणाराचें नांव गुप्त राखावयाचें असल्यास राखावें, परंतु गांव व गठ्ठ्याचा क्रम सांगण्यांत कोणाचेंही नुकसान नाहीं. बंद करावयाचीच असल्यास आधीं प्रत्येक पानाचें छायाचित्र घ्यावें. इतकें करण्यास एक संध्याकाळ पुरते, आणि जुना कागद वर्षागणिक पिवळा व ठिसूळ होत असल्यामुळें ती संध्याकाळ पुढें ढकलण्यांत लाभ नाहीं.

शोधाचा आनंद आम्ही जाणतों. तो नसता तर आमच्याही दप्तरांस कोणी हात लाविला नसता. पण सांपडणें व शोध लागणें या दोन गोष्टी एक नव्हेत. वस्तु सांपडते ती एकास; शोध लागतो तो तिचें वर्णन दुसऱ्यास पडताळून पाहतां आलें म्हणजे. चित्रकथांच्या संग्राहकांनीं पहिली पायरी मोठ्या निष्ठेनें चढलेली आहे. दुसरी चढण्यास त्यांस आमच्या विद्वत्तेची गरज नाहीं, कोरा कागद व फूटपट्टी पुरे. आणि खोडरबर, आमचें ऐकाल तर, दूर ठेवावें.